गळलेला प्रश्न

नाही, मिक्सर नीट गुंडाळ, चैत्राली, भांडं वेगळं ठेव — फ्रीमाँटपर्यंत अकरा-बारा तास ड्राइव्ह करणार तू, झाकण तडकलं तर तुझी मावशी मलाच बोलेल. बोलेल तरी. बस जरा. तिने माझ्याबद्दल सांगितलंच असेल, "श्रीरंगने कागद दाखवला म्हणून मी निघाले." तसं नाही झालं. मी ऑफिसात चिपची डिझाइन तपासतो ना, तिथं डिसिजन डायग्राम वापरतो आम्ही — हो-नाहीचे प्रश्न एकाखाली एक, प्रत्येकाला दोन फाटे, शेवटी उत्तर. आणि गंमत काय, हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, दोन्ही फाटे एकाच ठिकाणी जात असतील, तर प्रोग्रॅम तो प्रश्नच गाळतो. कशाला ठेवायचा? उगाच जागा खातो.

तर तुझ्या मावशीला, नीलाला, फ्रीमाँटचा जॉब लागला. म्हटलं, भांडण नको, शास्त्रशुद्ध ठरवू — दोघांनी जायचं, की इथंच चँडलरला राहायचं? चौदा प्रश्न घातले. माझी टीम मला तिकडून रिमोट काम करू देईल का, अंगणातल्या लिंबाला पाणी कोण घालेल, शनिवारचं बॅडमिंटन तिकडे जमेल का — आणि शेवटी, नीलाची इच्छा आहे का. घातला होता हं मी, विसरलो नव्हतो. रन केलं, चौदाचे तीन उरले. इतका देखणा डायग्राम, प्रिंट काढून फ्रिजवर लावला. ती चहाचा कप घेऊन बराच वेळ बघत उभी राहिली, मग म्हणाली, यात माझा प्रश्न कुठाय? मी म्हटलं, अगं, तो गळला. त्याने फरक पडत नव्हता.

हसू नकोस. मी प्रोग्रॅमबद्दल बोलत होतो.

ती गेल्यावर वाटलं, प्रश्नांची ऑर्डर चुकली, कुठला आधी, कुठला नंतर. ऑर्डरवर फार असतं — वाईट लागली की एवढासा डायग्राम भिंतभर पसरतो. म्हणून तिचा प्रश्न वर आणला, पहिल्या नंबरवर, लिंबाच्याही आधी. रन केलं. पुन्हा गळला. गळणारच — ऑर्डरने आकार बदलतो, उत्तर नाही बदलत, हे मी नव्या मुलांना ट्रेनिंगमध्ये सांगतो यार. प्रश्न मीच लिहिले होते, कुठलं उत्तर कुठे न्यायचं तेही मीच. बावीस वर्षं तिला विचारत आलो मी, विचारलं नाही असं कधी झालं नाही — पण ती हो म्हणो, नाही म्हणो, पोचायचो आपण मला हवं तिथंच. फार वाईट वाटतं गं.

अं? निरोप दिलाय तिने? काय — "येणार का, एवढंच विचार"? बस? आणखी काही नाही? एकच प्रश्न. मग सोपं आहे की. हो किंवा — थांब, कुठल्या महिन्यात ते म्हणाली का? आणि तिकडे अंगण — नाही, तसं नाही, दोन-तीन गोष्टी आधी क्लिअर झाल्या की लगेच — माझा लॅपटॉप कुठाय? तू निघ आता, ऊन वाढतंय, गाडी तापेल. कळवतो म्हणावं.