गोजराचा तंबोरा

बसलात का सगळे? मागे खांबाला टेकलेले, तुम्हीसुद्धा? बरं! मंडळी, कथेत शिरण्याआधी एक सवाल. घरात चांगली वस्तू आली, जावयानं परदेशातून पाठवलेले कप म्हणा, तर आपण काय करतो? कपाटात ठेवतो! का? तर चांगल्या दिवसासाठी! आणि चहा पितो कान तुटलेल्या कपातून. हसू नका काकू, तुमचेच कप माझ्या डोळ्यांसमोर आहेत!

कपांचं ठीक आहे हो. ते कपाटात नवेच राहतात. पण वेळसुद्धा आपण असाच ठेवणीत टाकतो. मग सवाल हा, की ठेवणीतला वेळ, कपाट उघडल्यावर जागेवर सापडतो का?

ऐका तर.

कृष्णाकाठच्या एका गावात आनंदा पांचाळ नावाचा कारागीर होता. तंबोरे करायचा. तंबोऱ्याच्या पोटाशी असतो भोपळा — भाजीचा नव्हे हं, नाहीतर उद्या कुणी चार तारा लावून बसाल! जाड सालीचा, कडू भोपळा. तो आणायचा, तुळईला टांगायचा आणि विसरायचा. उन्हाळ्यामागून उन्हाळे त्याला मुरू द्यायचं. जितका मुरेल तितका गोड बोलतो. घाई केलीत तर पहिल्याच चैत्रात तडकतो! म्हणून थांबणं हा आनंदाच्या धंद्याचा गुण. पण गुणाचंही एक असतं बघा, दुकानातला गुण माणूस घरी घेऊन येतो. आनंदाला नवं धोतर आणलं तरी म्हणायचा, "ठेव जरा, मुरू दे!"

आणि त्याची बायको गोजरा. काय सांगू मंडळी! गुरुवारी दत्ताच्या देवळात ती भजनाला बसायची. पेटीचा भाता फाटका, टाळकरी आपापल्या गावी पोचलेले... पण गोजरानं सूर लावला की घाटावर पाण्याला आलेल्या बाया घागर काखेत घेऊन तशाच उभ्या! तिच्या आईकडून आलेला एक अभंग होता, तो ती रोज म्हणायची —

आलासी रे देवा, बैस क्षणभरी।
दूध चुलीवरी, उतू जावो॥

लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. भीमाकाठाहून भोपळ्यांची गाडी आली. आनंदा एकेक उचलतो, बोटाच्या पेरानं ठोकतो, खाली ठेवतो. एक उचलला, ठोकला, आणि आतून असा नाद आला, जणू विहिरीतून कुणी 'ओ' दिली!

"गोजरा, इकडं ये. ह्यो तुझा."

"माझा? आन् मी काय करू त्येचं?"

"तंबोरा करतो तुला. मांडीवर घिऊन गाशील."

गोजरा लाजली. मग हळूच विचारलं, "कवा?"

"मुरू दे की!"

टांगला भोपळा तुळईला.

आता या सुतारांच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. करवत, रंधा, कानस, सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडतात. गोजरा दर वर्षी तो भोपळाही खाली काढायची. पदरानं पुसायची, हळदकुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची. मग त्याला गाल टेकून हळूच गुणगुणायची, आणि आतून भोपळा गुणगुणायचा!

"अवो, बोलतोय बघा. मुरला न्हवं?"

आनंदा ठोकायचा, कान लावायचा. "आनखी एक उन्हाळा जाऊ दे."

आनंदा लबाड होता का? नाही हो! बायकोवर जीव नव्हता? होता! एकदा शहरातले मोठे गवईबुवा आले, त्या भोपळ्यावर हात ठेवून म्हणाले, "हा मला दे, मागशील ते घे." आनंदा म्हणाला, "त्यो घरचा हाय, बुवा." दाराआडून गोजरानं ते ऐकलं. त्या एका वाक्यावर किती उन्हाळे काढले तिनं! लोकांचे तंबोरे झाले, गावोगाव गेले, मैफली गाजल्या. घरचा भोपळा आपला तुळईला. कारण बाहेरच्या गिऱ्हाइकाला तारीख द्यावी लागते. घरचं माणूस कुठं तारीख मागतं? आपण सगळ्यात जास्त थांबायला कुणाला लावतो, बोला!

आणि मग एका थंडीत गोजराचा आवाज बसला. काढे झाले, ज्येष्ठमध झालं. उतरेना. गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "कापून काढावी लागेल. जीव वाचेल. आवाजाचं मात्र सांगता येत नाही."

गोजरानं काय विचारावं? "डाक्टर, आठवडाभर थांबलं तर चालंल? एक काम ऱ्हायलंय."

बाहेर आल्यावर आनंदा म्हणतो, "कसलं गं काम?"

"तुमचं!" म्हणाली.

मंडळी, त्या माणसानं घरी येऊन चपला काढल्या नाहीत. शिडी लावली, भोपळा उतरवला, पाण्यात भिजवला, मन घट्ट करून करवत लावली. आतून काय निघाला! घोटून ठेवल्यासारखा, एक डाग नाही. दुसऱ्या कुणासाठी केलेली दांडी होती, ती जोडली. खुंट्या बसवल्या. नक्षी नाही, पॉलिश नाही.

"बिनपॉलिशचा वाईट दिसंल गं."

"आवाजाला पॉलिश लागतंय व्हय?"

आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी गोजराचा भाऊ भीमराव जीप घेऊन येणार, तिला दवाखान्यात नेणार. दुपारी तारा चढल्या. राहिली जवारी. म्हणजे काय, तर तारेखालची घोडी कानशीनं अशी घासायची, तिच्यावर असा दोरा सरकवायचा, की तार नुसती वाजत नाही, गुंजते! केसाएवढं इकडंतिकडं झालं तरी सगळं बद्द.

गोजरा न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून खांबाशी बसलेली. "द्या की वो आता."

"जरा थांब. जवारी खुलना."

घासतोय. दोरा सरकवतोय. उन्हं भिंतीवर चढली.

"बरं वाजतंय की! गवयाला द्यायचाय व्हय? मलाच द्यायचाय न्हवं?"

"तुला द्यायचाय म्हनूनच तर! थांब जरा."

मग गोजरानं काय केलं, तंबोऱ्याची वाट बघणं सोडलं. डोळे मिटले आणि त्या बसलेल्या गळ्यानं आपली आपणच सुरुवात केली —

आलासी रे देवा, बैस क्षणभरी...

"श्श! गोजरा, थांब गं! तार ऐकू येईना मला!"

थांबली ती.

...थांबली, मंडळी!

आणि थोड्या वेळानं जवारी खुलली! आनंदानं तार छेडली, घर भरून गेलं! "लागली! गोजरा, लागली! गा आता!"

दारात जीपचा भोंगा. भीमराव आत आला. "आक्का, आटप. उशीर केला तर दवाखान्यात घेत न्हाईत."

तुम्ही म्हणाल, एक ओळ तरी म्हणायची! म्हणणारच होती. तोंड उघडलं होतं तिनं. पण भाऊ उभा, हातात पिशवी, आणि तिच्या गळ्यात हुंदका... हुंदक्यातून कुठला सूर निघतो? तिनं तारांवरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "लई ग्वाड झालाय." आणि जीपमध्ये बसली.

जीव वाचला. आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज.

गोजरा घरी आली. संध्याकाळी तंबोरा मांडीवर घेऊन छेडायला लागली. आनंदा समोर बसायचा. काय जवारी होती! तारांनी जागा झाडून, सारवून ठेवलेली... आणि बसायला कुणी येत नाही. पाट मांडलाय, ताट वाढलंय, आणि जेवणारा दारात नाही. आनंदा ऐकत राहायचा, आता येईल, आता येईल...

एका संध्याकाळी ती त्याच्या कानाशी आली. "तुम्ही गा."

"मी? खुळी का काय! माझा गळा म्हंजे करवत!"

"मग? मुरू द्यायचा व्हय?"

आणि आनंदा गायला! घाटावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गिऱ्हाईक दारात ताटकळलं. आनंदानं हातानंच सांगितलं, थांबा! उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यानं गिऱ्हाइकाला थांबवलं. मग रोज गायला. एवढंच, की 'बैस क्षणभरी' म्हटलं की तो गप्प व्हायचा. जिथं त्यानं तिला गप्प केलं होतं, तिथंच. कान देऊन बसायचा. नुसत्या तारा गुंजत राहायच्या. मग गोजरा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची, आणि तो करवतीच्या आवाजात पुढचं म्हणायचा —

दूध चुलीवरी, उतू जावो॥

मंडळी, भोपळा मुरतो. माणूस सरतो! आता माझ्याकडं बघू नका, आपापल्या उंबऱ्याच्या आत बघा. तिथं कोण खांबाशी बसलंय? 'एवढं घराचं काम उरकू दे', 'एवढी नोकरी संपू दे' म्हणत कुणाला 'श्श' केलंत? वाईट माणसं नाही हो आपण! आपण जवारी लावतोय. आणि पलीकडं गाणं थांबलंय.

देवळाच्या पंचांनी मला आरतीपर्यंत वेळ दिलाय. त्यातला बराच शिल्लक आहे. तो मी वापरत नाही, तुमचा तुम्हाला परत! आरती आत्ताच करू, आणि सरळ घरी जा. जे म्हणायचं राहिलंय ते फाटक्या गळ्यानं म्हणा, पण आज म्हणा. आणि काकू, ते कप काढा! गॅसवर दूध असेल तर असू दे. जाऊ दे उतू.