वाव आणि मीटर

माझा म्हायार शिरोड्याचा, बापूस मिठागरात कामाक होतो. मीठ कसा करतत ता तुमच्यासारख्यांका म्हायत नसता बाय, म्हणान सांगतंय. दर्याचा पाणी वाफ्यात घेवचा, उनात सुकवचा, मीठ ओढून ढीग करूचो, आणि मग ढीग उचलून नेईसर आभाळाकडे बघत रवाचा, कारण मधीच एक सर इली की संपला. मी लहान असताना असोच एकदा अवकाळी पाऊस इलो, माझ्या डोळ्यांदेखत बापसाचे मिठाचे ढीग इरघाळले, नि बापूस उभो रवान बघता, काय करतलो, शिव्यो देवक नाय, देवाक बोल लावक नाय, नुसतो म्हणालो, काल कोणी सांगला असता तर. ता माझ्या मनात रवला ता रवलाच. आता वाडीत कोण माका इचारता, सुलू, तू त्या मासेमारीच्या हापिसवाल्यांची येवडी बाजू कित्या घेतस, सरकार काय तुका पगार देता? तेवा मी सांगतंय, माका पगार नको, माका आदल्या दिसा सांगणारो कोणतरी व्हयो.

लगीन होवन मी हंय मालवणच्या बाजूक इलंय. घोव तांडेल. तांडेल म्हणजे होडयेचो पुढारी, खंय जावचा, जाळा केवा टाकूचा, ता तो सांगतलो नि बाकीचे खलाशी ऐकतले. पाण्याचो रंग बघून, पाखरा खंय उतरतत ता बघून, आमचे हे म्हावरा हुडकीत. मी ता म्हावरा पाटयेत घालून दारोदार विकूचा, ह्यो आमचो संसार. आणि ह्यांका दुसरो मान म्हणजे गाऱ्हाण्याचो. नारळी पुनवेक वाडीतर्फे दर्याक नारळ देवच्या आधी एक माणूस पुढे उभो रवान देवाक मोठ्यान सांगता, असा कर, तसा कर, अमक्याक सांभाळ, आणि मागसून सगळे पुरुष म्हणतत, व्हय म्हाराजा. ता गाऱ्हाणा. आमचे हे गाऱ्हाणा घालूक लागले की काय सांगू तुमका, लाटेचो आवाज कमी पडता. घरात मात्र तोंडातून शबूद निघणा नाय. माझाच तोंड दोघांसाठी चलता.

तुमी इचारलास सुधारणा झाली की नाय ह्या भागात. झाली तर! रेल्वे सुरू झाली तेवा मी कुडाळाक मुद्दाम बघूक गेलंय, मासे विकून झालेले, रिकामी पाटी वांगडा, तशीच. लोकांनी आरत्यो आणलेल्यो, इंजिनाक ववाळतत, नि माझ्या मनात ता इंजिन नाय, माझ्या मनात डोंगर. येवडो डोंगर भुतूरसून पोखरूचो, काळोखात, नि पलीकडे बरोबर ठरल्या जागेर भायर येवचा, जरा वाकडा गेला असता तर भलत्याच गावात निघाले असते मेले! कोणी मोजल्यान असात ता, कसा मोजल्यान असात, ह्याच माझ्या डोक्यात. आमचो चुलतदीर म्हणालो, वयनी, गाडी धावतली गोव्याक नि केरळाक, आमी हंय बसान नुसते डबे मोजूचे. मी म्हटलंय, मोजा भावजी, पण मोजताना तोंड मिटा, माशी जायत.

मग सड्यार, म्हणजे ह्या मागच्या उंच कातळार, मोबाईलचो टॉवर उभो रवलो. तेवा तर वाडीत सभाच भरली. कोण म्हणता माडाचे नारळ गळतले, कोण म्हणता कावळे पळान जातले, मग श्राद्धाक पिंड शिवूक कावळो खंयसून आणतलास? मी म्हटलंय, तुमी बोला कावळ्यांवांगडा, माझो घोव दर्यात असताना मी तेंच्यावांगडा बोलतलंय. आमच्या लेकीन मुंबयसून मोबाईल पाठवल्यान तेंका, नि एक माका. होडी पार भायर गेली की आवाज तुटता, पण अलीकडे बरो लागता. पयल्यांदा मी फोन केलंय नि हे दर्यातसून म्हणाले काय गो, येवडाच, नि माझ्या डोळ्यांत पाणी. आमच्या सासूचा आयुष्य किनाऱ्यार उभा रवान गेला, तिका कोणी दर्यातसून काय गो म्हटला नाय.

तर आता बोर्डाची गजाल. मासेमारीच्या हापिसान बंदरार एक बोर्ड लायलो. तेच्यार लिहून येवचा, आज म्हावरा खंय गावतला, कुठल्या दिशेक, किती लांब, किती खोल पाण्यात. म्हावरा पाण्याखाली, नि सांगणारे हैदराबादेक! हापिसात एक मॅडम होत्या, साताऱ्याकडच्या, माझ्या लेकीच्या वयाच्या, तेंच्याकडे मी मासे देवक जाय. तेंनी माका समजावल्यानी, काकू, आकाशात उपग्रह फिरतो, त्याला समुद्राच्या पाण्याचा रंग आणि ऊब कळते, त्यावरून माशांचं खाणं कुठे आहे ते शास्त्रज्ञ काढतात. मी घराक येवन ह्यांका म्हटलंय, अवो, तो उपग्रह तुमच्यासारखोच, पाण्याचो रंग बघता, फक्त वयरसून बघता, एकदा जावन तर बघा. चार दीस मी पाठ सोडूक नाय, मग एकदाचे गेले, खलाश्यांका घेवन, वाडीत सगळ्यांका सांगान, की आज आमी सरकाराच्या म्हावऱ्याक जातो.

बोर्डार खोली लिहिलेली तीस. दिशा बरोबर धरल्यानी. अंतरपण लिहिलेला होता, पण आमचो माणूस दर्यात किलोमीटर मोजणा नाय, तो खोली मोजता, शिसा बांधलेली दोरी खाली सोडून, मग ती दोनी हात पसरून वावांनी मापता. दोनी हात पसरले की एक वाव. तर हे तीस वाव खोली लागासर भायर गेले, जाळा टाकल्यानी, नि जाळा इला रिकामा. चार शेंगटे नि एक माकूळ. येवडा डिझेल जाळून! बंदरार लोक वाटच बघी होते. काय तांडेलानू, सरकाराचा म्हावरा खंय आसा, दिल्लीक पाठवलास? असा बरेच दीस चालला. आमचे हे हसाक नाय नि रागावाक नाय, पण त्या दिसापासून बोर्डासमोरसून जाताना मान वळवीत. घरात हापिसाचा नाव काढूची सोय रवली नाय. माका मेलीक मनात वाटा, उपग्रह खोटो नाय, हंय कायतरी चुकला, पण काय चुकला ता खंय कळता माका.

गेल्या वर्सा दिवाळी होवन गेली, नि एका सकाळी हापिसाची गाडी बंदरार फिरली, भोंगो लावन, वादळ येता, कोणी भायर जाव नये. आणि दर्या कसो, तर तेलासारखो. वारो नाय, आभाळ निळा. आमचे हे आपले होडी सोडतत. मी धावत गेलंय, म्हटलंय अवो, ऐकलास मां? हे म्हणाले, ऐकलय, ह्या त्याच उपग्रहाचा ना, जेणां माका म्हावरा दाखवल्यान? म्हटलंय, व्हय, पण. पण काय? हे म्हणाले, त्या दिसा तुझ्या सांगण्यावरून लोकांका हसवलंय, आज पुन्हा हसवतलंय? नि गेले. तांडेल गेलो म्हणताच आणखी चार होड्यो तेंच्या मागसून गेल्यो, कारण लोक भोंग्याचा नाय, आमच्या भिकाजी तांडेलाचा ऐकतत.

मी पाटी उचललंय नि सरळ हापिसात. थंय गेल्यार आमी शुद्ध बोलूचा, पण त्या दिसा माझी सगळी भाषा मोडली. म्हटलंय, मॅडम, आमचे मालक समुद्रात गेलेले आहेत, ते ऐकना नायत. मॅडमनी माका कॉम्प्युटरसमोर बसवल्यानी. वयरसून काढलेलो फोटो. आमचो किनारो म्हणजे नुसती एक रेघ, आणि दर्यात ढग, पांढरो, गोल फिरणारो, तांदूळ धुताना पातेल्यात हात फिरवल्यावर पाणी फिरता ना, तसो. किनाऱ्यार माका निळा आभाळ दिसा होता नि हंय वादळ येताना दिसा होता. भीती तर होतीच, पण खरा सांगू, हात पण जोडले गेले. बापसाक ह्या कोणी दाखवला असता तर!

मॅडम म्हणाल्या, फोन करा. केलंय, तर हे उचलणत नाय, सकाळचो राग. मॅडम म्हणाल्या, ते आमच्यावर एवढे का चिडलेत? तेवा मी सगळी गजाल सांगितलंय, की तुमच्या बोर्डार तीस लिहिलेला, हे तीस वावार गेले, म्हावरा नाय. मॅडम म्हणाल्या, तीस काय? म्हटलंय वाव. वाव म्हणजे? मी उभी रवान दोनी हात पसरून दाखवलंय, ह्यो एक वाव. मॅडमनी टेबलाच्या खणातसून टेप काढल्यानी नि माझे हात मोजल्यानी, ह्या बोटापासून त्या बोटापर्यंत. माझ्या हातांक माशांचो वास, मी मागे सरकतंय, तर म्हणाल्या, काकू, हलू नका. मोजून झाल्यार कपाळाक हात लावन बसल्या. म्हणाल्या, अहो, तुमचेच हात दीड मीटरच्या वर भरले, बोर्डावर तीस मीटर होतं, काका कुठच्या कुठे पुढे निघून गेले! आकड्याच्या बाजूक बारीक अक्षरात मीटर लिहिलेला होता म्हणे, पण आमच्यात खोलीचो आकडो म्हटलो की वावच, दुसरा काय असता ता कोण कित्या वाचतलो? आणि मॅडमांका वाव म्हायत नाय. दोघांचाय खरा, नि मधी म्हावरा सुटला.

मग मी म्हटलंय, तुमच्या टेबलावरच्या फोनान लावा, तो नंबर हे ओळखणत नाय. लावलो. हे उचलल्यानी. मी वादळाचा काढूकच नाय. वादळाचा तेंनी सकाळीच ऐकलेला. मी म्हटलंय, अवो, तुमी चुकलास. लगीन झाल्यापासून ह्या मी तेंका कदी म्हटलेला नाय. मी सांगितलंय, बोर्डार मीटर होते, तुमी वाव मोजलास, म्हावरा होता थंय होता, तुमी तेका ओलांडून गेलास. मग म्हणाले, कोणी मोजल्यान? म्हटलंय, मॅडमनी, माझे हात धरून, टेपीन. म्हणाले, तुझे हात आखूड आसत. मी म्हटलंय, तुमचे लांब आसत, मग तुमी माझ्यापरीस जास्तच चुकलास! नि फोन तुटलो.

परत लागाक नाय. होडी लांब गेली की काय झाला, काय कळणा नाय. मी बंदरार येवन बसलंय, पाटी तशीच, म्हावरा विकाक नाय. ऊन डोक्यार. दर्या अजून गप्प. बायका म्हणतत, सुलू, खंय आसा तुझा वादळ? मनात एकच, की माझा म्हणणा तेंका पटला की टोचला. टोचला असात तर हे आणखी पुढे जातले. मग दुपार उतरताना वारो फिरलो, नि त्या वाऱ्यावांगडाच लांब एक ठिपको, मग दुसरो, मागसून आणखी. पुढची होडी आमची. मागच्या सगळ्यांका ह्यांनी हात करून, बोंबलान माघारी फिरवलेला. होडी ओढून वयर घेतली नि सांजेक जा काय सुटला ता तुमका सांगून कळूचा नाय, माडांचे शेंडे जमनीक टेकाक बघी होते. वयल्या बाजूच्या गावांत काही घरांतली माणसां दर्यातसून परत येवक नायत. तेंची नावां मी घेणंय नाय, तेंच्या बायका हंयच बाजारात बसतत माझ्या बाजूक.

हे घरात येवन भिजल्या आंगान बसले. मी गरम पेज वाढलंय. खाता खाता माका म्हणाले, हात पसर बघया. मी पसरले. हे आपले दोनी हात पसरून माझ्या हातांक लावन बघी होते, कितके जास्त भरतत ता. आता बोर्डार मॅडम मीटरांच्या खाली वावपण लिहितत, तो हिशेब ह्यांनीच हापिसात जावन बसवून दिलो. रोज सकाळी पयलो वाचणारो तांडेल आमचो. गावता तेवा मोप गावता, नाय तेवा नाय. उपग्रह झालो तरी तो काय दर्याचो मालक नाय.

आत्ताच नारळी पुनव झाली. हे पुढे उभे, हातात नारळ, नि गाऱ्हाणा सुरू. बा दर्याराजा, वाडीची लेकरां तुझ्या पायाशी इली आसत, तेंका सांभाळ म्हाराजा. व्हय म्हाराजा. जो भायर गेलो असात तेका घराक आण म्हाराजा. व्हय म्हाराजा. हंयसर नेहमीचा संपता. पण हे थांबाक नाय. म्हणाले, आणि म्हाराजा, वयर आभाळात जा यंत्र आमच्यासाठी फिरता, तेची नजर साफ ठेव, लांब बसान जी माणसां आमचो दर्या वाचतत तेंची चूल पेटती ठेव, हापिसातल्या त्या लेकीक तिच्या आवशी-बापसाच्या गावापर्यंत सुखात ठेव, आणि तुझा जा लेकरू मोजूक चुकला नि वर गुर्मीन बसला, तेका पदरात घे म्हाराजा.

यंत्राक व्हय म्हणूचा की नाय, कोणाक कळणा नाय, पुरुष एकमेकांकडे बघतत. गाऱ्हाण्याक बायकांनी उत्तर देवची रीत नाय आमच्यात, आमी मागे उभ्यो रवतो. पण माझ्यान रवला नाय बाय. माका बापूस दिसलो, इरघाळलेल्या मिठात उभो. मी जा मोठ्यान म्हटलंय, व्हय म्हाराजा! नि मग सगळी वाडी म्हणाली.