माठावरची पाटी

तुमच्या मंडळाच्या गणपतीची पाटी मी लिहिणार नाही, आणि का ते सांगतो. मध्यभारत राज्य नवं होतं, तेव्हा मी इथेच फ्रीगंजमधल्या एका अनुदानित शाळेत मास्तर होतो. अस्पृश्यता कायद्यानं गेली होती, पण ज्यांना तेव्हा हरिजन म्हणत त्या मुलांचा माठ आमच्याकडे वेगळाच होता, तोही उन्हात. मी शिक्षण खात्याला निनावी तक्रार केली की अशा शाळेचं अनुदान थांबवा. नाव लपवलं, पण अक्षर बदलायला काही मन झालं नाही.

महिन्याभरानं हेडमास्तरांनी बोलावलं. टेबलावर माझंच पत्र होतं. शाळेनं खुलासा करावा, असा शेरा मारून खात्यानं ते शाळेकडेच पाठवलं होतं.

"मास्टरजी, शिकायत बहुत सुंदर लिखी है," हेडमास्तर म्हणाले. "अब जवाब भी आप ही लिखिए."

"मी कसा लिहू, सर?"

"नौकरी अभी पक्की नहीं हुई ना आपकी?"

मी लिहिलं. आमच्या शाळेत सगळी मुलं एकाच माठातलं पाणी पितात. खाली सही हेडमास्तरांची.

दोन्ही पत्रं खात्यात एकाच फायलीत लागली असणार, एकाच अक्षरातली. उत्तर आलं, खुलासा समाधानकारक आहे. अनुदान मिळालं, मीही कायम झालो. उन्हाळ्यात शाळेनं त्याच अनुदानातून नवे माठ आणले, तेही दोनच. कुठला माठ कुणाचा, त्याच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. अक्षर चांगलं होतं ना.