काळी आणि मोठी अक्षरं

...आणि वर दुकानदार मलाच विचारतो, "रंगीत फोटो छापायचे नाहीत? मग प्रिंटर घेताय कशाला साहेब?" तुम्हाला सांगतो, दुकानात शिरल्यापासून मी एकच घोकतोय, अहो, मला अक्षरं हवीत, काळी आणि मोठी! पण ऐकतो कोण? त्याचं आपलं फोटो, स्कॅन, वायफाय, मोबाइलवरून हुकूम सोडा...

भानगड अशी, की आईला हल्ली बारीक दिसत नाही, स्क्रीनकडे पाहिलं की डोळ्यांना धार लागते, आणि मावशी तिला मेलवर पानंच्या पानं लिहिते, बहिणी-बहिणींचं सगळं! ते वाचून दाखवायचं मी. मध्येच आई म्हणणार, "एवढं गाळ." अगं, वाचल्याशिवाय काय गाळायचं ते मला कळणार कसं? एकदा तर माझं लग्न ठरताना सासरकडच्यांबद्दल आई काय काय बोलली होती, ते मी माझ्याच तोंडानं मोठ्यांदा वाचलं, बायकोसमोर! त्या दिवशी आई म्हणाली, "राहू दे, नकोच वाचूस. तिलाही सांग, लिहू नकोस म्हणावं." आणि तेव्हापासून नुसती बसून राहायची हो... बघवेना मला.

म्हणून प्रिंटर. मेहुणा म्हणतो, "भावजी, सगळ्यात स्वस्त तो उचला, ऑफर आहे." उचला काय उचला! त्याची शाई त्याच्यापेक्षा महाग. शेजारचे काका म्हणाले, "शाईच्या टाकीवाला घे, वर्षभर बघायला नको." अहो, पण मावशीची लहर! लागली तर रोज लिहील, नाहीतर महिना महिना नाही. तोवर टाकीतली शाई वाळून दगड! मला अक्षरं हवीत हो, काळी आणि मोठी...

शेवटी बायकोनंच, देव तिचं भलं करो, दुकानदाराला खिंडीत गाठलं. "दादा, ओली शाई नकोच. पावडरवाला, साधा, एकरंगी आहे का? पडून राहिला तरी चालला पाहिजे." स्वतःच्या माहेरच्यांबद्दलचं ते सगळं ऐकूनही हं! आणि होता तसला, कोपऱ्यात खोक्यांखाली, बोजड ठोकळा, खिशाला झेपणारा. घरी आणला, अक्षरं चांगली थोराड केली, पहिलं पान आईच्या हातात दिलं. तिनं चष्मा सारखा केला आणि वाचायला लागली... स्वतः! मध्येच खुदकन हसली. बायकोचे, दुकानदाराचे, त्या ठोकळ्याचे, कुणाकुणाचे आभार मानू असं झालं मला.

मग हळूच विचारलं, "काय लिहिलंय मावशीनं?"

"तुझ्या कामाचं नाही."

आता मावशी सुटलीये नुसती. छापायचं मी, पण स्क्रीनवर वाचायचं नाही, आईनं शपथ घातलीय. पानं बाहेर पडतात तीही पालथी! म्हटलं, एखादं आत अडकेल, ओढून काढताना चार ओळी आपसूक दिसतील, त्यात माझा काय दोष? रोज आशेनं शेजारी उभा राहतो... पण माणसानं इतका भरवशाचा प्रिंटर घेऊ नये हो. अजून एक पान अडकलेलं नाही.