पान्याला लावलेलं कुंकू

मिस्त्रींचं नाव निघालं की मला आधी त्यांचे लाल हात आठवतात. ऐका, सांगतो.

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. कासारवाडीजवळ आमची हत्यारांची कंपनी, नट आवळायचे पाने बनवणारी. खंडेनवमीला सगळे पाने मांडून ज्ञानबा मिस्त्रींनी ओल्या कुंकवाने पूजा केली आणि दम भरला, "उद्यापातूर कुणी हात लावायचा न्हाई."

दुपारी कंपनीमागच्याच आमच्या खोलीत माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या. कंपनीच्या ट्रकमध्ये तिला बसवलं, तर ट्रक चालूच होईना. पेट्रोलच्या नळीचा नट ढिला झालेला. आणि कंपनीत पानेच पाने, पण मागणार कसा?

तरी गेलो. "मिस्त्री, बायको अडलीय हो."

त्यांनी हत्यारांना एकदा हात जोडले आणि पूजेतलाच एक पाना उचलला. "द्येव का नुसता नारळ खायला बसलाय व्हय?"

नट आवळून ते आमच्याबरोबरच निघाले. दवाखान्यात नर्सने त्यांचे हात, सदरा पाहिला आणि त्यांनाच धरून आत ओढलं. "अगं बाई, केवढं रक्त! आधी यांना घ्या!"

मिस्त्री ओरडले, "अवो, ह्ये कुंकू हाय! बाळ तिला हुतंय, मला न्हाई!"

मुलगी झाली. मिस्त्रींनी तो पाना तिच्या बारशाला दिला. आता ते नाहीत. पण खंडेनवमीला मुलगी त्या पान्याची पूजा करते आणि कुंकू ओलं असतानाच घरातला एखादा नट त्याने आवळते. त्याशिवाय आमच्याकडे पूजा पुरी होत नाही.