जुनं गाव पाडायचं का?

दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघणाऱ्या बाईंच्या शेजारी दोघी बहिणी एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या.

"ताई, गेमवाल्यांनी मत मागितलंय. गेममधलं जुनं गाव पाडायचं म्हणे."

"मग 'नको' दाब की!"

"'नको' नाहीच. 'आज पाडा', नाहीतर 'पुढच्या आठवड्यात पाडा'."

"म्हणजे ठरवून मोकळे झालेत, आणि विचारतात कसले?"

"दादाचं घर आहे गं तिथे. तो गेल्यापासून त्याच्या झाडांना मीच पाणी घालते."

"मग 'पुढच्या आठवड्यात' दाब. तेवढेच सात दिवस."

"आणि मग म्हणतील, हिनेच हो म्हटलं. मी काही दाबतच नाही."

"दाबा!" बाईंच्या तोंडून निघून गेलं. "न दाबणाऱ्यांना 'आज'मध्ये धरतात."

"तुम्हाला कसं माहीत?"

बाईंनी गळ्यातलं गेम कंपनीचं ओळखपत्र मुठीत झाकून घेतलं.