केरबाची कंबर आणि वीस किलोचं वजन

आता मला सांगा, ज्या माणसाला वाकून चप्पल घालता येईना त्याला कुणी वजन उचल म्हणतंय का? आमच्या केरबाला म्हणाले की! निलंग्याचा एसटी ड्रायव्हर, बावीस वर्षं स्टेअरिंगवर, मी त्याच्याच गाडीवर कंडक्टर, म्हणून तुम्हाला सांगतो... कमरेनं असा धरला की सीटवरून उतरवायला दोन माणसं लागली. मग काय, कमरेला पट्टा, गादीखाली फळी आणि आराम. गावात तर ज्याला त्याला कमरेचं औषध ठाऊक! एक म्हणे वाकू नको, एक म्हणे बसू नको, एक म्हातारा तर म्हणे शिंकू बी नको... आणि ह्यो समद्यांचं ऐकून राहिला! आठ महिने! बायको चांगुणा तेल चोळायची, उठवायची, बसवायची, आणि दुखणं रोज वाढतच चाललेलं. त्यात डेपोतून निरोप आला, तीन महिन्यांनी मेडिकल. पास झाला तर स्टेअरिंग, न्हाई तर न्हाई. केरबाच्या तोंडचं पाणी पळालं.

मग मी आणि चांगुणानं त्याला नांदेडला नेला. त्याची भाची धम्मप्रिया तिथं फिजिओथेरपिस्ट. तिनं रिपोर्ट बघितले, पाय उचलून बघितले, टाचांवर चालवलं, पट्टा सोडून बाजूला ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "मामा, मणक्याला काही झालेलं न्हाई. पडून पडून कंबर कमजोर झालीय. आता हळूहळू वजन उचलायचं."

वजन! कमरेच्या पेशंटला! केरबा माझ्याकडं बघतोय, मी छताकडं बघतोय...

आधी खुर्चीतून उठबस, मग उताणं झोपून ढुंगण वर उचलायचं, तेही सख्ख्या भाचीसमोर, विचार करा! मग पुढ्यात चार किलोची पिशवी. हा लाकडासारखा उभा, हात काही खाली जाईना. तेवढ्यात चांगुणाला बसायचं होतं, वाटेत एक लोखंडी वजन आडवं आलं, तर बाईनं पदर खोचला, उचललं आणि ठेवलं कोपऱ्यात. वीस किलो! आता आठ महिने ऐंशी किलोचा केरबा उचलून राहिलेली बाई, तिला विसाचं काय हो? पण ठेवताना हात कमरेवर गेला, आणि तेवढंच धम्मप्रियानं बघितलं.

"मामी, तुमची बी कंबर दुखती?"

"दुखती की. बारा वर्षं झाली."

"मग सांगितलं न्हाई कधी?"

"कुणी विचारलं न्हाई."

तुम्हाला सांगतो, केरबाची मान खाली. मग त्यानं गुडघे वाकवले आणि पिशवी उचलली.

तिथून पुढं दर हप्त्याला दोघं नांदेडला, एकाच सीटवर. डेपोत कुणाला पटंना. वजन! कमरेच्या पेशंटला! अन् तीन महिन्यांनी मेडिकल पास! आता केरबा वीस उचलतोय, चांगुणा पस्तीस, आणि तिचंही दुखणं निम्म्यावर आलंय. सगळं झ्याक...

पण परवा धम्मप्रियानं नवा व्यायाम लिहून दिला : घरचं पाणी मामांनी भरायचं, दोन हातांत दोन बादल्या, पाठ सरळ, रोज.

केरबानं हळूच विचारलं, "किती दिवसांचा कोर्स हाय ह्यो?"

"मामा, ह्यो बंद करायचा नसतोय."

...भरून राहिलाय.